सुट्टी सकाळी झाली, पेशंट गेला संध्याकाळी: हॉस्पिटलातले असे घोळ सोडवायचे कसे

सोलापुरातल्या कुठल्याही मध्यम साईजच्या हॉस्पिटलात दुपारी दोन-अडीचला वॉर्डच्या दारात उभं राहून बघा. पिशव्या भरून झाल्यात, चटई गुंडाळलीय, थर्मास आणि डबा वर ठेवलाय, पेशंट चप्पल घालून बेडवर बसलाय आणि नातेवाईक दर दहा मिनिटांनी काउंटरला जाऊन विचारतायत, "सिस्टर, झालं का ओ बिल?" डॉक्टरांनी साडेनऊच्या राउंडलाच सांगितलंय की आज सुट्टी. आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतोय कारण वर बेड नाही. म्हणजे बेड तसा रिकामाच आहे, त्यावर बसलेला माणूस बरा झालाय, फक्त त्याची फाईल कुठेतरी अडकलीय.

हा विषय मीटिंगमध्ये निघाला की पुढे काय होतं ते हॉस्पिटलात काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. बिलिंगवाला म्हणतो वॉर्डातनं फाईलच उशिरा येते, वॉर्डवाले म्हणतात आरएमओ, म्हणजे वॉर्ड बघणारे निवासी डॉक्टर, डिस्चार्ज समरी लिहीत नाहीत, आरएमओ म्हणतो मी एकटा एवढे बेड बघतोय, फार्मसीवाला गप्प बसतो कारण त्याला मीटिंगला बोलावलेलंच नसतं, आणि शेवटी खापर फुटतं वॉर्डबॉयच्या डोक्यावर. मेमो निघतो, बोर्डावर सर्क्युलर लागतं की सर्व डिस्चार्ज दुपारी १२ पर्यंत पूर्ण करावेत, चार दिवस सगळे पळापळ करतात आणि पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मी हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते, त्यामुळे हे लिहितेय. क्वालिटी इम्प्रूव्हमेंट म्हटलं की लोकांना वाटतं फाईली, रजिस्टरं, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री भिंतींना रंग. तो वेगळा उद्योग आहे आणि त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मी बोलतेय ते वर सांगितलेल्या घोळाबद्दल: माणसं कामसू आहेत, डॉक्टर हुशार आहेत, मशीनं आहेत, तरी काम नीट होत नाही, तर ते नीट करायची काही पद्धत आहे का? आहे. आणि तिची मुळं बघायला गेलं तर सोलापूरकरांना ती अगदी ओळखीची वाटतील, कारण एक मूळ चक्क मागात आहे.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा माणूस माग बनवायचा. १९२४ साली त्याचा जी टाईपचा ऑटोमॅटिक माग तयार झाला, आणि त्यात एक सोय अशी होती की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ज्यांच्या घरात पॉवरलूम आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. धागा तुटून माग चालूच राहिला तर पुढची चादर सगळी डागी निघते आणि ते लक्षात येतं घडी घालताना, म्हणजे सूत, वेळ, मजुरी सगळं गेल्यावर. थांबणारा माग असला की एकच विणकर कितीतरी माग सांभाळू शकतो, आणि धागा तुटला म्हणून कोणी त्याला शिव्या देत बसत नाही, धागा कुठे तुटला ते बघून जोडतो. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले, टोयोडांच्या मुलाने मोटारीच्या कामात हात घातला, आणि पुढे त्यातनं टोयोटा उभी राहिली. मोटारीच्या कारखान्यातही तीच रीत आली. चूक दिसली की लाईनवरच्या कुठल्याही कामगारानं दोरी ओढायची, गरज पडली तर लाईन थांबवायची.

आता हे हॉस्पिटलात कसं आलं बघा. अमेरिकेत सिएटलला व्हर्जिनिया मेसन नावाचं हॉस्पिटल आहे, तिथले मोठे अधिकारी २००२ साली जपानला जाऊन टोयोटाची पद्धत शिकून आले आणि त्याच साली त्यांनी नियम केला की पेशंटला धोका दिसला तर कोणीही, म्हणजे सफाईवालासुद्धा, अलर्ट देऊन काम थांबवू शकतो. नियम चांगला, पण सुरुवातीला अलर्ट फारसे यायचे नाहीत, साहेबाच्या विरोधात कोण बोलणार, ते सगळीकडे सारखंच. मग २००४ मध्ये तिथे एक भयंकर गोष्ट घडली. एका प्रोसिजरच्या वेळी ट्रेवर तीन भांडी होती, एकात सलाईन, एकात एक्सरेसाठी सोडायचा डाय, एकात क्लोरहेक्सिडिन म्हणजे कातडी पुसायचं अँटिसेप्टिक. तिन्ही पाण्यासारखी पारदर्शक, आणि भांड्यांवर लेबल नाही. पेशंटला डायऐवजी अँटिसेप्टिक टोचलं गेलं आणि ती बाई दगावली. पूर्वी तिथे अँटिसेप्टिक तपकिरी रंगाचं वापरायचे, ते नुसतं बघूनच कळायचं. ते बदलून बिनरंगाचं आणलं तेव्हा ट्रेवर पुढे काय होईल याचा विचार झाला नव्हता. हॉस्पिटलने जाहीर माफी मागितली, काय घडलं ते लपवलं नाही, आणि सुरक्षिततेलाच संस्थेचं पहिलं उद्दिष्ट केलं.

यात टोचणाऱ्या माणसाला काढून टाकलं असतं तर काय झालं असतं? उद्या तीच तीन भांडी दुसऱ्या कोणासमोर आली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. या सगळ्या पद्धतींचा गाभा एवढाच आहे की चूक कोणाची हे विचारायच्या आधी ती चूक घडायला वाट कुठे ठेवलीय ते शोधायचं. मुद्दाम हयगय करणारा माणूस असतो, नाही असं नाही, पण रोज रोज होणारा उशीर हा बहुतेक वेळा एका माणसाचा नसतो.

मॉडेलं बरीच आहेत आणि नावांनी लोक घाबरतात. लीन म्हणजे वरची टोयोटाचीच पद्धत: पेशंटच्या कामाचं नाही ते सगळं वाया, म्हणजे वाट बघणं, फेऱ्या मारणं, तीच माहिती तीनदा लिहिणं, आणि ते एकेक काढत जायचं. सिक्स सिग्मा १९८६ च्या सुमारास मोटोरोलात निघालं, त्यात भर आहे चढउतार कमी करण्यावर. लॅबचा रिपोर्ट एकदा वीस मिनिटांत आणि एकदा तीन तासांत येत असेल तर सरासरी सांगून काय उपयोग, वाट बघणाऱ्याला सरासरी भेटत नाही. आणि हॉस्पिटलात सगळ्यात जास्त चालतं ते मॉडेल फॉर इम्प्रूव्हमेंट, बोस्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने जगभर नेलेलं. मला विचाराल तर लहान हॉस्पिटलने हेच धरावं, कारण याला ना कन्सल्टंट लागतो ना सिक्स सिग्मासारखा ग्रीन बेल्ट-ब्लॅक बेल्टचा कोर्स. तीन प्रश्न आणि एक चक्र, बस्स.

प्रश्न असे: आपल्याला नेमकं काय साधायचंय? सुधारणा झाली हे कळणार कशावरून? आणि काय बदललं तर सुधारणा होईल? मग चक्र: प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट, थोडक्यात पीडीएसए. ठरवा, लहान प्रमाणात करून बघा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुढचं ठरवा. वाचायला फार सोपं आहे, आणि तिथेच लोक फसतात.

आपण सुट्टीचंच उदाहरण घेऊ, सगळं काल्पनिक धरा. पन्नास-साठ बेडचं हॉस्पिटल, मेडिसिनचा एक वॉर्ड. पहिला प्रश्न, काय साधायचंय? "डिस्चार्ज लवकर करणे" हे उत्तर नाही, ती इच्छा झाली. उत्तर असं पाहिजे: मेडिसिन वॉर्डात डॉक्टरांनी सुट्टी सांगितल्यापासून पेशंट दारातनं बाहेर पडेपर्यंतचा वेळ आत्ता साधारण सहा तास आहे, तो तीन महिन्यांत तीन तासांवर आणायचा. कुठे, काय, किती, कधीपर्यंत, चारही गोष्टी आल्या. एका तासावर का आणत नाही असं कोणी विचारेल, तर आणा की, पण आधी तीन तर करा.

यानंतर जे करायचं ते कोणाला आवडत नाही. एक साधा कागद फाईलला टाचायचा आणि फाईल जिथे जिथे जाईल तिथे आली किती वाजता, गेली किती वाजता एवढंच लिहायचं. सॉफ्टवेअर नको, ॲप नको. आठवडाभर वीस-पंचवीस फाईलींचा असा कागद भरला की जे दिसतं ते मीटिंगमधल्या भांडणापेक्षा भलतंच असतं. समजा आपल्याला असं दिसलं की समरी लिहायला पाऊण तास लागतो, बिल करायला अर्धा तास, आणि फाईल फार्मसीच्या खिडकीशी अडीच तास पडून असते. सगळ्यांचा राग बिलिंगवर आणि खरा वेळ जातोय फार्मसीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग का, का, का विचारायचं. टोयोटात याला पाचदा का विचारणं म्हणतात, पाचदाच विचारलं पाहिजे असा काही कायदा नाही. फाईल फार्मसीत का अडकते? उरलेली औषधं परत घेऊन त्याचे पैसे बिलातनं वजा केल्याशिवाय फार्मसीची सही होत नाही. औषधं परत यायला उशीर का? वॉर्डातनं ती न्यायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकदाच जातात, साडेबाराला, सगळ्या पेशंटची एकत्र घेऊन. एकदाच का? कारण सकाळी ते सॅम्पल पोचवणं, एक्सरेला पेशंट नेणं, ऑक्सिजन सिलेंडर बघणं यात असतात. बरं, पण एवढी औषधं उरतात का? कारण इंडेंट, म्हणजे फार्मसीकडे औषधांची मागणी, दोन-दोन दिवसांचं टाकतात. दोन दिवसांचं का? कारण रविवारी संध्याकाळी फार्मसीला एकच माणूस असतो म्हणून कधीकाळी ही पद्धत पडली आणि मग ती सातही दिवस चालू राहिली. आता सांगा यात आळशी कोण आहे?

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. हे प्रश्न क्वालिटीवाली बाई आणि मेडिकल सुपरिटेंडंट केबिनमध्ये बसून विचारत असतील तर यातलं एकही उत्तर मिळणार नाही. साडेबाराची गोष्ट फक्त मामांना माहीत असते आणि इंडेंटची फक्त नाईटच्या सिस्टरला. टीममध्ये ते पाहिजेतच, आणि खुर्चीवर बसून, दारात उभे राहून नव्हे.

आता बदल. इथे आपली सवय अशी की लगेच संपूर्ण हॉस्पिटलला नवीन नियम लावायचा. तसं करायचं नाही. चक्राचा पहिला फेरा अगदी बारका: उद्या गुरुवार, या एकाच वॉर्डात, ज्या दोन पेशंटला उद्या सुट्टी मिळेल असं वाटतंय त्यांची नको असलेली औषधं आज संध्याकाळी सहालाच परत पाठवायची. आणि आधी लिहून ठेवायचं की आपल्या अंदाजाने काय होईल, हे फार महत्त्वाचं, नाहीतर झाल्यावर सगळेच म्हणतात मला वाटलंच होतं. समजा एकाचं काम मस्त झालं, दीड तास वाचला. दुसऱ्याला रात्री ताप आला, सुट्टी रद्द, आणि इंजेक्शन परत फार्मसीतनं आणायला सिस्टरला रात्री दोनला खाली जावं लागलं. वैतागली ती, आणि बरोबरच आहे. पण हे एका पेशंटवर कळलं, सगळ्या हॉस्पिटलवर नाही. दुसऱ्या फेऱ्यात ठरलं की रात्रीचा आणि सकाळचा डोस ठेवून बाकीचंच परत करायचं. तिसऱ्यात कळलं की उद्या सुट्टी कोणाला हे डॉक्टर आदल्या दिवशी सांगतच नाहीत, मग संध्याकाळच्या राउंडला एवढं एक विचारायचं. असे फेरे होत होत पंधरा-वीस दिवसांत जे तयार होतं ते तुमच्या वॉर्डाच्या मापाचं असतं.

मापं तीन प्रकारची ठेवायची. एक रिझल्टचं, म्हणजे सुट्टी सांगितल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. दुसरं प्रोसेसचं, म्हणजे किती पेशंटची औषधं खरंच आदल्या संध्याकाळी गेली. आणि तिसरं बॅलन्सिंग, म्हणजे हे सुधारताना दुसरीकडे काही बिघडलं नाही ना. हे तिसरं लोक विसरतात. आपल्याकडे वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं चालतं, अक्कलकोटकडनं, विजयपूरकडनं पेशंट येतात, विडी कामगार घरातली एखादी तेलुगू बोलणारी आजी असते, तिला साखरेच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे तिच्या भाषेत सांगायला दहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून सुट्टी द्यायला लागलात की सगळ्यात आधी कात्री लागते ती याच दहा मिनिटांना, कारण ती कुठल्या रजिस्टरमध्ये नसतात. मग वेळ छान कमी झालेला दिसतो आणि आजी आठवड्यात परत ॲडमिट. म्हणून आठवड्यात परत आलेले पेशंट मोजायचे, आणि जाताना पेशंटलाच विचारायचं की घरी गेल्यावर काय करणार, सांगा बरं.

मोजलं की ते ग्राफवर टाकायचं, दर आठवड्याला एक ठिपका, मध्ये मीडियनची, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, आडवी रेघ. याला रन चार्ट म्हणतात आणि वहीच्या चौकटीच्या कागदावरही होतो. मागच्या महिन्याची सरासरी आणि या महिन्याची सरासरी एवढंच बघणं धोक्याचं, कारण आकडे तसेही वरखाली होतच असतात. वॉल्टर शुहार्टने अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना हेच सांगितलं (आणि गंमत म्हणजे साल तेच, मागाचं, १९२४): काही चढउतार कामाच्या पद्धतीतच मुरलेले असतात आणि काही एखाद्या वेगळ्या कारणाने येतात, दोन्हीला एकच औषध चालत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मिरवणुकीला रस्ते वळवलेले असतात, स्टाफ उशिरा पोचतो, त्या आठवड्याचा ठिपका वर गेला तर त्याला कारण आहे, त्यासाठी अख्खी पद्धत बदलायची नाही. उलट लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या खाली आले तर समजायचं की खरंच काहीतरी बदललंय. एक ठिपका खाली आला म्हणून पेढे वाटू नका.

पद्धत चालते याचा पुरावा पाहिजे असेल तर अमेरिकेतल्या मिशिगनचा घ्या. आयसीयूत मोठ्या शिरेत घालायच्या सेंट्रल लाईनमुळे रक्तात इन्फेक्शन होतं. पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने पाच गोष्टी ठरवल्या: हात धुणं, पूर्ण गाऊन-मास्क-चादर, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, आणि गरज संपली की लाईन काढणं. यात नवीन काय? काहीच नाही, सगळं सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांनी लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीत एकत्र आणलं, आणि स्टेप चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला. शंभरावर आयसीयूंत हे केलं आणि २००६ साली छापून आलेले आकडे असे की लाईनच्या दर हजार दिवसांमागे इन्फेक्शनचा मीडियन २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. लोक म्हणतात चेकलिस्टची कमाल, मी म्हणेन ट्रॉलीची आणि सिस्टरच्या अधिकाराची.

हे मी उगाच म्हणत नाही. ऑपरेशनची चेकलिस्ट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या चेकलिस्टचा आठ शहरांतला अभ्यास २००९ ला आला, त्यात दिल्लीही होती, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. जगभर वाहवा. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती चेकलिस्ट सगळीकडे लावली, १०१ हॉस्पिटलांचा हिशोब २०१४ मध्ये छापला, आणि मृत्यूंत म्हणावा असा फरकच नाही. वरून आदेश आला, खालून टिकमार्क झाले, असंच मला यातनं दिसतं, जरी यावर तज्ज्ञांत वाद आहेत. आपल्या उत्तर प्रदेशात तर १२० सरकारी केंद्रांत बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला, सोबत शिकवायला कोच ठेवले. जिथे कोच होते तिथे दोन महिन्यांनी ठरलेल्या गोष्टींपैकी ७३ टक्के होत होत्या, बाकीकडे ४२. कोच गेल्यावर तेच ७३ चे ६२ झाले. आणि आई-बाळाच्या मृत्यूंत फरक पडला नाही. का, तर काम नीट करणं ही एक बाजू, पण रक्त नाही, सिझेरियनची सोय नाही, पुढे पाठवायला गाडी नाही, तर नुसती चेकलिस्ट कुठवर पुरणार? मॉडेल म्हणजे माणसं आणि सामान कमी असल्यावरचा उतारा नाही. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतील तर पीडीएसएचे फेरे मारून काही होणार नाही, भरती करा.

आपल्या सरकारी यंत्रणेत हे सगळं यायला लागलंय. २०१३ पासून सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प, २०१७ च्या शेवटी लेबर रूमसाठी लक्ष्य आलं आणि त्यात तर छोट्या छोट्या चक्रांनीच सुधारणा करायची असं लिहिलेलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया ऑफिसने दिल्लीच्या एम्सबरोबर एक सोपी चार पायऱ्यांची पद्धतही काढलीय: प्रॉब्लेम निवडून टीम करा, कारण शोधून मोजमाप ठरवा, बदल करून बघा, आणि झालेली सुधारणा टिकवा. कागदावर उत्तम आहे. पण सर्टिफिकेटच्या मार्कांची घाई झाली की चौथी पायरी लोंबकळते.

ती चौथी पायरी म्हणजे काय, तर आपल्या उदाहरणात, वॉर्डची इनचार्ज सिस्टर जी हे सगळं रेटत होती तिची बदली झाली, आता पुढच्या सोमवारी काय? संध्याकाळी सहाची औषधं परत पाठवायची गोष्ट तिच्या डोक्यात होती का ड्युटी बदलताना द्यायच्या ओव्हरच्या वहीत? मामांच्या ड्युटी लिस्टमध्ये ती लिहिलीय का, का अजूनही त्यांना साडेबाराचीच एक फेरी? नवीन आलेल्या सिस्टरला पहिल्या दिवशी ती कोण सांगणार? आणि फार्मसीने दोन दिवसांचं इंडेंट खरंच एका दिवसावर आणलं का, कारण ते आणलं तर उरलेल्या औषधांची फेरीच मुळात बारीक होते. तो रन चार्ट मग रोज नको, महिन्यातनं एकदा भरला तरी चालेल, पण लावायचा तिथे जिथे सिस्टर चहा पितात, ऑफिसच्या कपाटात नाही.